मोडक्या कानांचं झाड

"माझ्या सुईला नावं ठेवतोस? ह्याच सुईनं तुझ्या बापाचं कान मोकळं केलं, तुझं केलं. तवा गोड लागली आणि आता विष झाली व्हय रे?"

"गोड कुणाला लागली, वस्ताद? मी तर बोंबलत होतो."

"हसू नगंस, शिवा!"

"हसत नाही. उद्या रेयूच्या कानाला ती सुई लावायची नाही. तेवढंच सांगायला आलोय."

आडोलीच्या तालमीत शुक्रवारी भर दुपारी हा दंगा चालला होता. कुस्तीच्या हौद्याच्या एका कडेला हिंदुराव वस्ताद, वय चौसष्ट, डोक्याला अबोली फेटा, हातात पितळी डबी. दुसऱ्या कडेला शिवांश चौगुले, वय एकोणीस. नववीत शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, ह्यावर घरात अजून एकमत नव्हतं. मधी लाल माती, आणि मातीत ओतायला आणलेल्या ताकाची बादली.

"तुझ्यापेक्षा दुप्पट पैलवान ह्या हातानं घडवलेत. कढत पाण्यात धुतो सुई, हळद लावतो. माझ्या गुरूची सुई हाय ती."

"कढत म्हणजे अंघोळीचं पाणी! त्यानं तुमचा ढेकूण तरी मरतो का?"

"भायेर हो."

"वस्ताद, ऐका तर—"

"भायेर हो म्हणतो न्हवं! परत तालमीत पाय ठिवायचा न्हाई."

शिवानं बादलीला लाथ घातली. पाच लिटर ताक हौद्याच्या काठावरून वाहत गेलं, आणि तो पायताण न घालताच बाहेर पडला. रस्ता तापलेला होता. परत जाऊन पायताण आणणं त्याच्या रागात बसत नव्हतं, म्हणून घरापर्यंत नाचत गेला.

आता हे सगळं का झालं ते सांगायला हवं.

कुस्ती धरताना कान सारखा घासतो, दाबला जातो. मग कातडी आणि आतली कूर्चा ह्यांच्या मधी रक्त साठतं आणि कान वड्यासारखा फुगतो. ठणका असा लागतो की उशीला कान टेकवत नाही. ते रक्त काढायचं असतं. काढूनही कान पहिल्यासारखा होत नाही, मुडपून घट्ट होतो. तो मोडका कान म्हणजे पैलवानाची ओळख. आडोलीत ते रक्त वस्तादच काढायचे. शनिवारी सकाळी मेहनत झाली की मारुतीपुढं पोराला बसवायचं, काचेच्या पिचकारीला सुई लावून कान मोकळा करायचा (ह्यालाच 'कान काढणं' म्हणायचे) आणि साखर वाटायची. त्या दिवसापासून पोराला सगळे 'पैलवान' म्हणणार. दवाखान्यात जाऊन कान काढून आलेल्याला मात्र वर्षभर 'पेशंट' म्हणून हाक मारायचे.

शिवाचा भाऊ रेयांश बारा वर्षांचा. सोमवारी त्याचा उजवा कान फुगला, आणि गडी दुखण्यानं रडत रडत आनंदानं हसत होता.

मंगळवारी हनुमान जयंती. त्या दिवशी तालमीत दर वर्षी रक्तदान शिबिर, आणि पहिली पिशवी वस्तादांची. दर तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या गाडीत जाऊन ते रक्त देत आलेले. यंदाची शंभरावी होती. पासष्टी झाली की घेत नाहीत, म्हणून तिचं फार अप्रूप. पोरांनी बॅनर लावला होता, बॅनरवर वस्ताद आणि मारुती एकाच मापाचे.

पण यंदा रक्तपेढीच्या गाडीतून डबा आला होता.

डबा म्हणजे लाडवाच्या डब्याएवढं यंत्र. त्याला शासनानं मोठं नाव दिलं होतं, ते कुणी घेत नव्हतं. बोटातून एक थेंब द्यायचा, नऊ मिनिटं थांबायचं. हिरवा दिवा लागला तर आत जाऊन झोपायचं, लाल लागला तर घरी. कशामुळं लाल, ते फक्त तुमच्या फोनवर येणार, दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

एक्केचाळीस जण रांगेत होते. अकरा जणांना लाल लागला. शिवा त्यातला एक.

फोनवर लिहिलं होतं, हिपॅटायटिस सी. त्यानं पहिल्यांदा फोन आपटला. मग उचलून पुढचं वाचलं.

बुधवारी तो सरळ मुजावर मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. शबाना मुजावर रक्तपेढीच्या गाडीवर तंत्रज्ञ होत्या, आठवडाभर त्यांची गाडी आडोलीच्या आरोग्य केंद्रातच थांबली होती. त्या जेवत होत्या.

"डबा बिघडलाय तुमचा. मी सुपारीपण खात नाही."

"बस आधी. भाकरी खाणार?"

"नको. डबा बिघडलाय म्हणतोय मी."

"बिघडला असता तर मलाच बरं वाटलं असतं," मॅडम म्हणाल्या. "हा आजार लिव्हरचा. तंबाखूनं होत नाही, दारूनं होत नाही. रक्तातून रक्तात जातो. वीस-वीस वर्षं गप्प बसतो, माणूस मस्त दंड ठोकत फिरतो. म्हणून तर रक्तदात्यांत सापडतो. आम्हाला वाटायचं, आपणहून रक्त द्यायला येणारा माणूस धडधाकटच असणार. आणि बहुतेक असतोच. पण शेकड्यात एखाददुसरा कावीळवाला निघायचाच, बी नाहीतर सी."

"मग आधी का नाही सापडलो? मागल्या वर्षीपण दिलं होतं की मी."

"मागल्या वर्षी तुझा कान कधी काढला?"

"शिबिराच्या आधी. पंधरा-वीस दिवस." शिवानं आपसूक डावा कान चाचपला.

मॅडमनी घास तसाच ठेवला. कानाचं त्यांनी सहज विचारलं होतं, रक्त कुठं कुठं निघतं ते शोधायला. "मागल्या वर्षीची तुझी पिशवी कुणाला गेली तेही आता शोधायला हवं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. खेडोपाडीच्या गाड्यांवरची जुनी तपासणी विषाणूला बघायचीच नाही. चोर घरात शिरला की कुत्रं भुंकतं, ती तपासणी फक्त भुंकणं ऐकायची. आणि हे कुत्रं दोन-तीन महिने भुंकतच नाही. डबा थेट चोराला धरतो. ह्या विषाणूची सगळी कुंडली साडेनऊ हजार अक्षरांची आहे, डबा ती अक्षरं वाचतो. विषाणू स्वतःच्या नकला करताना सारखा चुकतो. एकाकडनं दुसऱ्याकडं गेला की त्या चुकाही सोबत जातात, आणि तिथं नव्या चुका सुरू होतात. दोन पोरांच्या वहीत एकच चूक दिसली की मास्तर ओळखतो ना, कुणी कुणाचं बघून लिहिलंय? तसंच.

"म्हणजे कुणाकडनं आलं ते कळतं?"

"जवळ कोण ते कळतं. नावं नाही, फक्त आकडे. तुझ्या फोनवर झाड आलंय बघ."

झाड म्हणजे रेघांचं चित्र. अकरा फांद्या, प्रत्येक टोकाला आकडा. सातवर बोट ठेवलं की 'आपण' असं यायचं. दहा फांद्या बारक्या आणि सरळ होत्या. अकरावी मात्र जाडजूड, शंभर फाटे फुटलेली, आणि बाकीच्या दहाही तिच्याच वेगवेगळ्या फाट्यांतून निघालेल्या.

"हिला एवढे फाटे का?"

"ज्याच्या अंगात विषाणू जास्त वर्षं राहतो, त्याच्यात चुका जास्त साठतात. हा माणूस जुना आहे."

तिच्या टोकाला आकडा होता एक.

शिवा रांगेत सातवा होता, म्हणजे आकडे रांगेचे होते. आणि पहिला कोण होता हे अख्ख्या आडोलीला बॅनरवरनं ठाऊक होतं. मंगळवारी वस्तादांनी सांगितलं होतं, "बीपी वाढलाय म्हणून घेतलं न्हाई." पण बीपी बघायला बोटाला चिकटपट्टी लागत नाही. वस्तादांच्या बोटाला होती, कोपरात नव्हती. शिवानं तेव्हाच बघितलं होतं, फक्त अर्थ लावला नव्हता.

मॅडमनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "आकडे रांगेनं द्यायला नको होते. चुकलं आमचं. शिवा, हे तू कुणाला सांगायचं नाही, कायदाच आहे तसा. त्याचं त्यानं सांगितलं तरच."

"मग दुसऱ्यांना होऊ द्यायचं?"

"तसं नाही म्हटलं मी. आधी मार्ग कुठला ते पक्कं करू. वस्तरा असेल, माती असेल…"

"माती नाही," शिवा उठत म्हणला. "थांबा, सांगतो."

त्याला घाटग्यांची जुळी पोरं आठवली होती, ऋग्वेद आणि सामवेद. एका ताटात जेवायची, एका वस्तऱ्यानं डोकं करायची, एकाच पंच्यानं घाम पुसायची. ऋग्याला लाल लागला होता, साम्याला हिरवा. त्यांनीच ओरडून सगळ्यांना सांगितलं होतं. आणि साम्या भित्रा. तो जोडीला उतरताना कानावर पट्टा बांधायचा, म्हणून त्याचे दोन्ही कान शाबूत होते. लाल लागलेली बाकीची पोरं घरी तोंड लपवून बसली होती. शिवा प्रत्येकाच्या दारात गेला. कुणाला काही विचारलं नाही, नुसते कान बघितले. सगळे मोडके. हिरव्यातली जी पोरं भेटली, त्यांत मोडक्या कानाचे तिघंच निघाले.

"जुळतंय," शिवानं परत येऊन सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या. "चौघांतला एक जण आपोआप बरा होतो. आणि सुईच्या पोकळीत हा विषाणू आठवडेच्या आठवडे तग धरतो. पण त्या एक नंबरच्या अंगात मुळात कुठनं आला?"

"त्यांचे कान पण त्याच सुईनं काढलेत की. त्यांच्या गुरूनं."

"औषध आहे रे," मॅडम म्हणाल्या. "बारा आठवडे गोळ्या. घाबरू नको."

शिवा घाबरला नव्हता, त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्याचा बाप, धनाजी चौगुले. चार वर्षांमागं गेला. डोळे पिवळे, पोट घागरीसारखं. गाव म्हणलं, चोरून पितो. बाप सांगून थकला. आणि वस्तादांनी सगळ्या पोरांदेखत त्याला तालमीच्या बाहेर काढलं, की दारुड्याची सावली मातीवर नको. त्या दिवसानंतर बाप घरातनं बाहेर पडला तो खांद्यावरच.

शुक्रवारी दुपारी शिवा तालमीत गेला, ते हे सगळं पोटात घेऊन. आणि काय झालं ते सांगितलंच.

घरी येऊन बघतो तर रेयू आरशापुढं.

"दादा, बघ की. फ्लॉवरच्या गड्ड्यावाणी झालाय. उद्या मी पैलवान!"

"उद्या तू दवाखान्यात. मुजावर मॅडम काढतील, नव्या सुईनं."

"मी न्हाई जाणार! पोरं पेशंट म्हणतील. तू जळतोस. तुझा गुडघा गेला, कुस्ती सुटली म्हणून."

शिवाचा हात उठला. मधी आई आली. हात खाली आला.

"आई, उद्या ह्याला खोलीत कोंडून ठेव."

"उद्या कोंडीन. पुढल्या शनिवारी?" आई म्हणली. "आणि दुसऱ्यांची पोरं?"

शनिवारी साडेपाचला, तालीम उघडायच्या वेळेला, शिवा तिथं हजर होता. पायताण दारातच पडलेलं होतं, ते त्यानं आधी घातलं आणि परत काढलं. वस्ताद मागं आडावर अंघोळीला गेले होते. तालमीत समई आणि मारुती, आणखी कुणी नाही.

त्यानं ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. हात जोडायचे. नाहीच ऐकलं तर पोरांपुढं सगळं बोलायचं, मग कायदा राहू दे बाजूला. शब्द जुळवत तो भिंतीपुढं येरझाऱ्या घालायला लागला.

भिंतीवर वस्तादांची प्रमाणपत्रं होती. लाल काठाची, मधी रक्ताच्या थेंबाचं चित्र, ओळीनं लावलेली. आणि मधोमध, सोनेरी फ्रेमीत, तीन कागद वेगळे. त्यांना काठ नव्हता, थेंब नव्हता. जाड कागद, इंग्रजी मजकूर, खाली गोल निळा शिक्का. शहरातल्या मोठ्या रक्तपेढीनं वस्तादांचं कौतुक केलंय म्हणून दसऱ्याला त्यांना हार घालायचे. शिवानंही नऊ वर्षं घातला होता. इंग्रजी दिसलं की त्याचा मेंदू पाठ फिरवायचा, आणि बाकीच्या पोरांचंही तेच. शिक्का बघून सगळे हात जोडायचे.

आज पहिल्यांदा त्याला वाटलं, कौतुकच असेल तर थेंब का नाही?

त्यानं फोन त्या कागदावर धरला. फोन मराठीत वाचायला लागला, सपाट आवाजात.

"प्रिय रक्तदाता. आपण दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एक बाब आढळली आहे. आपण लवकरात लवकर प्रत्यक्ष येऊन भेटावे. तोपर्यंत कृपया कोठेही रक्तदान करू नये."

मागं पाणी ठिबकल्याचा आवाज आला. वस्ताद ओल्या पंच्यावर दारात उभे होते, डोक्याला फेटा मात्र होताच.

शिवानं फोन खाली घेतला.

"परत लाव," वस्ताद म्हणले.

त्यानं परत लावलं.

"दुसरं?"

दुसऱ्यात तेच होतं. तिसऱ्यातही तेच, फक्त 'कृपया' दोनदा.

"पयलं कुठल्या सालचं?"

"दोन हजार पंचवीस."

"चौदा वर्सं. आणि मंगळवारी फोनवर सी कावीळ आली, ती म्या डब्याची चूक धरली." वस्ताद हौद्याच्या काठावर बसले. "वर्साला चार. मंजी छप्पन्न पिशव्या. शिवा, त्या कुणाला चढवल्या?"

"कुणाला नाही. तुमच्या रक्तातलं हे जुन्या तपासणीतपण सापडतच असणार. प्रत्येक गाडीवाला तपासतो आणि फेकतो. मॅडमनी सांगितलंय."

"फेकल्या." वस्तादांनी तोंडावरनं हात फिरवला. "फेकल्या ते ब्येस झालं."

शिवानं जुळवलेलं सगळं भाषण राहिलं. एवढंच सुटलं. "बाबांना तुम्ही दारुडा म्हणालात. त्यांना हेच झालं होतं, ह्याच सुईनं. मलापण, पोरांनापण."

वस्ताद उठले, पितळी डबी काढली, पिचकारी हातात घेतली आणि हौद्यात वाकून माती उकरायला लागले.

"काय करताय?"

"पुरतो हिला."

"मातीत नको!" शिवा खेकसला. "उद्या कुणाच्या तरी पायात घुसंल. अजून डोकं चालवत नाही तुम्ही! पिवळा डबा असतो मॅडमकडं, त्यात जायची ती."

आयुष्यात पहिल्यांदा वस्तादांनी त्या तालमीत कुणाचं तरी ऐकलं. पिचकारी डबीत गेली, डबी शिवाच्या हातात आली.

सहाला पोरं जमली. रेयूपण आला, खिडकीतनं उडी मारून. वस्ताद मारुतीपुढं उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. लाल दिवा मला लागला. माझ्या सुईनं तुमच्या अंगात गेलं. आडपडदा नाही, शब्द फिरवणं नाही. ऋग्या रडला. साम्या त्याच्या गळ्यात पडून त्याच्याहून मोठ्यानं रडला.

"मग माझा कान?" रेयूनं विचारलं.

"मुजावर बाईंकडं जायाचं. नवी सुई. सगळ्यांनी तितंच."

"आणि साखर?"

"साखर मी वाटतो, पैलवान."

पैलवान म्हणलेलं ऐकून रेयूनं मान ताठ केली आणि कान दुखला म्हणून परत वाकडी केली.

मग वस्तादांनी शिवाला जवळ बसवलं. "लिही. ज्येचं ज्येचं कान काढले ती समदी." त्यांना नावं आधी आठवत नव्हती, कान आठवत होते. डावा, वर चिरलेला, तो कुंभाराचा. दोन्ही, उजवा जास्त, तो आता लष्करात. कानावरनं नाव, नावावरनं गाव. शिवाच्या फोनवर यादी लांबत गेली.

"पयलं नाव ऱ्हायलं. वर लिही. धनाजी चौगुले."

"ते गेले, वस्ताद."

"लिही म्हणतो न्हवं."

त्यानं लिहिलं.

शेवटचं नाव आलं तेव्हा वस्ताद एकदम थांबले. "बंडू मगदूम. कासारखिंडीला आता सोताची तालीम हाय त्येची. त्येला मी… मीच दिल्ती सुई. ह्याच जोडीची. गुरूची म्हणून."

"तोपण शनिवारीच काढतो?"

"नवाला. म्हेनत सुटली की."

फोन लावून उपयोग नव्हता. आडोलीच्या शिस्तीत घडलेल्या बंडूच्या तालमीत फोन पेटीत पडायचे, दहानंतर निघायचे. कासारखिंड घाटापलीकडं होती, गाडीवर तासाभराची वाट. साडेसात वाजून गेले होते.

पिवळ्या डब्यात पिचकारी टाकून, मॅडमकडनं नव्या सुयांचं खोकं घेऊन शिवा निघाला तेव्हा वस्ताद मागं बसले. "मी आल्याबिगर बंडू ऐकायचा न्हाई," म्हणले. पण चौगुल्यांच्या दारापुढं त्यांनी गाडी थांबवायला लावली. आई अंगणात भांडी घासत होती.

वस्ताद उतरले. डोक्यावरचा अबोली फेटा काढून हातात घेतला. कुणी त्यांचं उघडं डोकं कधी बघितलं नव्हतं. बारीक आणि पांढरं होतं ते.

"सुनबाई," ते म्हणले, "धनाजी पीत नव्हता."

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणली. "गावाला सांगा."

वस्तादांनी मान हलवली. जराशानं वळले आणि फेटा शिवाच्या हातात दिला. "मी हितं थांबतो. दारोदार जायाला दिस लागंल. ह्यो बंडूला दाव. म्हणावं, वस्तादांचं डोस्कं उघडं पडलंय, तुझं झाकून ठीव."

शिवानं फेटा घेतला, शर्टात कोंबला. आईच्या डोळ्यांत काय आहे ते त्याला बघायचं होतं. वस्ताद पहिल्या दारात काय बोलतात ते ऐकायचं होतं, चार वर्षं त्याच एका वाक्यासाठी तो गावाशी भांडला होता. शेजारचं दार उघडत होतं. वस्तादांनी घसा खाकरला.

"थांब की लेकरा, चहा तरी घे," आई म्हणली.

"नको, आई. आठ वाजले. तिकडं एखादा पोरगा कान पुढं करून बसला असंल. मला निघायला पाहिजे आता."